शेजारच्या दाराकडे बघून

प्रिय बाळा,

ताईला आणि भावोजींना नमस्कार सांग.

परवा फोनवर तुझा आवाज उतरला होता. गडद निळ्या गाडीचं मागचं दार तू रंगवलंस, गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलं. "रंग जुळलाय, पण हे दार ह्या गाडीचं वाटत नाही," एवढंच ते गृहस्थ म्हणाले. नेमकं काय खटकतंय ते त्यांना सांगता येईना आणि तुलाही कळेना. तू मला म्हणालास, "मावशी, त्या दारात ट्यूबलाइटची रेघ सरळसोट दिसते. इतका सपाट क्लिअर मी आजवर मारला नव्हता."

तुझं खरं आहे आणि त्या गृहस्थांचंही खरं आहे. पुढच्या दारात तीच ट्यूबलाइट जराशी थरथरत असणार, मागच्या फेंडरवरही थरथरत असणार, आणि मध्ये तुझ्या दारात मात्र ती ताठ उभी. रंगाची छटा अचूक असूनही माणसाचा डोळा तिथे अडतो. फोनवर हे नीट सांगता आलं नाही म्हणून लिहिते आहे. पत्र छापायलाही देते आहे, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून नाशिकच्या अंबडपर्यंत तुझ्या वयाची कितीतरी मुलं हातात गन धरून उभी आहेत. त्यांना छटा जुळवायला शिकवणारे भेटतात. पोत जुळवायला शिकवणारे फार थोडे.

माझं काम तुला वरवर माहीत आहे. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात, पेंट शॉपच्या शेवटी, दिव्यांच्या बोगद्यात उभं राहून मी रंगलेल्या बॉडी तपासते. कामावर जाताना बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं उतरवून ठेवावं लागतं. केसांना तेल नाही, अंगाला सुवासिक क्रीम नाही, कारण त्यातल्या सिलिकॉनचा अंशही ओल्या रंगापर्यंत पोचला तर तिथे माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. तिथे मी जे रोज बघते ते तुला बूथमध्ये बघायला मिळत नाही, आणि तुझ्या हातात जी गन आहे ती माझ्या हातात कधी आली नाही. म्हणून माझ्याकडचं तुला देते.

कारखान्यातली बॉडी तुझ्याकडे येते तशी काचा, वायरिंग, सीट घेऊन येत नाही. नुसता पत्रा असतो. तो आधी धुतला जातो, त्याच्यावर फॉस्फेटचा थर बसतो, मग आख्खी बॉडी ईडीच्या टाकीत बुडते आणि विजेच्या जोरावर प्रायमर कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. साधारण वीस मायक्रॉन. तो १७०-१८० अंशांत भाजला जातो. त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा बेस, आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉन पारदर्शक क्लिअर, जो १४० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं भाजला जातो. सगळे थर मिळून ९० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आगेमागे.

क्लिअर मारतो तो रोबो. त्याच्या हातात तुझ्यासारखी गन नसते, एक छोटी फिरती वाटी असते. आम्ही तिला बेल म्हणतो. ती मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे किंवा त्याहून जास्त वेगाने फिरते, तिच्या कडेवरून रंगाचे बारीक थेंब सुटतात, त्यांच्यावर साठ-सत्तर हजार व्होल्टचा भार असतो आणि जमिनीशी जोडलेल्या बॉडीकडे ते ओढले जातात. थेंब पत्र्यावर टेकतात, एकमेकांत मिसळतात, पसरू लागतात, आणि पूर्ण पसरायच्या आत सॉल्व्हंट उडून जातं. पसरायचं राहून गेलेलं ते जे काही असतं, तीच पील, संत्र्याच्या सालीसारखी लहर. बोट फिरवलंस तर काच लागते, पण उजेड पडला की पृष्ठभाग लहरतो.

ही लहर कारखान्याची हयगय नाही, हे आधी मनात पक्कं कर. उभ्या पत्र्यावर क्लिअर जास्त जाड आणि जास्त ओला मारला तर तो सपाट होईल, पण त्याआधी ओघळेल. ओघळ यायच्या अलीकडे थांबायचं म्हणजे थोडी लहर पत्करायची. शिवाय अगदी नितळ क्लिअरखाली पत्र्याचा प्रत्येक बारीक उंचसखलपणा उघडा पडतो. बारीक एकसारखी लहर त्याला पोटात घेते. प्रत्येक मॉडेलसाठी किती लहर चालेल ते ठरलेलं असतं आणि त्या मर्यादेत आम्ही बॉडी पुढे सोडतो. त्यामुळे गाडी कारखान्यातून बाहेर पडते ती स्वतःचा एक पोत घेऊन, आणि तुझ्यापुढे उभी राहते तेव्हा तिच्या उरलेल्या सगळ्या अंगावर तोच पोत असतो.

सगळ्या अंगावर म्हटलं, पण ते तितकं सरळ नाही. एकाच गाडीचं छत आणि बॉनेट दारांपेक्षा सपाट असतं. आडव्या पत्र्यावर क्लिअर जास्त ओला बसू शकतो, ओघळायची भीती नसते. उभ्या दारांवर पील जास्त. कधी खालच्या कडेकडे ती आणखी वाढते. आणि बंपर तर वेगळ्याच घरात वाढलेला असतो. तो प्लास्टिकचा, १४० अंशांत टिकणार नाही, म्हणून बहुतेक वेळा वेगळ्या लाइनवर, अनेकदा वेगळ्या पुरवठादाराकडे, ऐंशी अंशांच्या आसपास सुकवलेला. नव्याकोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडर यांचा पोत तंतोतंत एक नसतो. म्हणून बंपरचं काम आलं की फेंडरकडे बघून बंपर रंगवू नकोस. फुटलेला जुना बंपर भंगारात टाकण्याआधी त्याचा जो भाग शाबूत आहे तो पुसून उजेडात धर. तुझं उत्तर त्यावर लिहिलेलं आहे, आणि बहुतेक गॅरेजांत ते पहिल्या तासातच भंगारवाल्याच्या टेम्पोत जातं.

आता लहरींविषयी थोडं, कारण इथेच खरी किल्ली आहे. पील म्हणजे एकाच मापाची लहर नव्हे. काही लाटा मिलिमीटरहूनही लहान असतात, काही सेंटिमीटरभर लांब. आमच्याकडे त्या मोजायचं यंत्र आहे, वेव्ह-स्कॅन. ते पत्र्यावरून दहा सेंटिमीटर सरकवायचं. आतला लेझर तिरपा पडतो, परतणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून यंत्र लाटा मापाप्रमाणे वेगळ्या काढतं. साधारण १.२ मिलिमीटरच्या खालच्या त्या आखूड, वरच्या त्या लांब. ही विभागणी माणसाच्या डोळ्यावरूनच आली आहे. दारापासून हातभर अंतरावर उभा राहिलास तर आखूड लाटा दिसतात. त्यांनी प्रतिबिंबाची कड पुसट होते. तीन पावलं मागे गेलास की त्या नाहीशा होतात आणि लांब लाटा दिसू लागतात. त्यांनी ट्यूबलाइट वाकडी होते. गिऱ्हाईक गाडीकडे चालत येतं तेव्हा त्याला आधी लांब लाट दिसते. तू मात्र दिवसभर दाराला नाक लावून आखूड लाट बघत असतोस.

ओला थर आपोआप किती वेगाने सपाट होतो याचं गणित ऑर्चर्ड नावाच्या संशोधकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेव. थराची जाडी दुप्पट झाली तर सपाट होण्याचा वेग आठपट वाढतो. आणि लाटेची लांबी दुप्पट असेल तर ती सपाट व्हायला सोळापट वेळ लागतो. याचा अर्थ बघ. आखूड लाटा क्लिअर ओला असताना आपल्या आपण बऱ्याच विरतात. लांब लाटा विरत नाहीत. त्या गनमधून थेंब कसे पडले आणि खाली सरफेसर कसा घासला होता यावरच ठरतात. आणि जाडीचा परिणाम इतका मोठा आहे की तू दोन भरपूर ओले कोट मारलेस, त्यात थंड दिवसात सावकाश सुकणारा हार्डनर वापरलास, तर दार कारखान्याच्या मानाने फारच सपाट होणार. वर तू ते पाणी पेपरने घासून पॉलिशही केलंस. उरलीसुरली लहर तिथे गेली.

तुझ्याकडे बेल नाही, वीज भरलेले थेंब नाहीत, आणि भट्टीही १४० अंशांची नाही. पूर्ण जोडलेली गाडी तेवढ्या तापमानात घातलीस तर रबर, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक्स सगळं जाईल. म्हणून गॅरेजचा क्लिअर वेगळा असतो, हार्डनर मिसळून साठ अंशांत अर्ध्या तासात कडक होणारा. म्हणजे साहित्य वेगळं, अवजार वेगळं, उष्णता वेगळी, आणि शेवट मात्र तोच यायला हवा. मला हे काम कारखान्याच्या कामापेक्षा अवघड वाटतं, आणि मी ते सगळ्यांसमोर म्हणते. आमचा रोबो रोज एकच दार रंगवतो. तू रोज दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी जुळणारं दार रंगवतोस. जुन्या शालूला रफू करणारा कारागीर आधी वीण बघतो, मग सुई उचलतो. तुझं काम त्या जातीचं आहे.

म्हणून आधी बघणं. गाडी आली की ती धुऊन घे आणि काहीही खोलण्याआधी उभी पट्टीची ट्यूबलाइट घेऊन तिच्याभोवती फिर. ड्रायव्हर साइडचं मागचं दार ठोकलं गेलं असेल तर त्याच बाजूचं पुढचं दार बघ, मागचा फेंडर बघ, आणि मग क्लीनर साइडला जाऊन मागचंच दार बघ. ते त्याचं जुळं भावंड आहे. त्याच जागी, त्याच उभ्या अवस्थेत, तशाच रोबोने रंगवलेलं. हातभर अंतरावरून एक फोटो, तीन पावलांवरून एक फोटो, दोन्ही वेळा ट्यूबलाइट त्याच जागी ठेवून. काम पूर्ण झालं की तेच फोटो पुन्हा काढायचे, त्याच अंतरावरून.

बघताना जाडी मोजायचं गेजही लाव. शेजारचं पॅनेल शंभर-सव्वाशे मायक्रॉन दाखवत असेल तर ते कारखान्याचं समज. अडीचशे-तीनशे दाखवलं तर त्याच्यावर कुणाचा तरी हात आधीच फिरला आहे, आणि पाचशे-हजारच्या पुढे गेलं तर खाली लांबी, म्हणजे पुटी, आहे. आधीच रंगवलेल्या पॅनेलचा पोत हा त्या गाडीचा पोत नव्हे, हे तुला ठाऊक असायला हवं. तरीही कधीकधी त्याच्याशीच जुळवावं लागतं, कारण गिऱ्हाईक ती दोन पॅनेलंच शेजारीशेजारी बघणार आहे. अशा वेळी गिऱ्हाइकाला गेजचा आकडा दाखव आणि त्याच्याशी बोलून ठरव. मनाने ठरवू नकोस.

मग चाचणीचा तुकडा. छटेसाठी तू कार्डावर बेस मारून बघतोस, ती सवय चांगली आहे. पोतासाठी मात्र कार्ड पुरत नाही. जुन्या दाराचा किंवा बॉनेटचा वीतभर रुंद, हातभर लांब पत्रा घे, त्यालाही तोच सरफेसर, तसाच घासलेला, त्यावर तोच बेस. आणि दाराचं काम असेल तर तो तुकडा उभा टांगूनच क्लिअर मार. टेबलावर आडवा ठेवून मारलेला तुकडा तुला बॉनेटचं उत्तर देईल, दाराचं नाही. हे एवढं साधं आहे, तरी मी चांगल्या चांगल्या पेंटरांना तुकडा टेबलावर ठेवताना बघितलं आहे.

गनच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा जाणता आहेस, तरी कोणतं चाक कुठे फिरतं ते माझ्या बाजूने सांगते. थेंब मोठे झाले की लांब लाट वाढते. हवेचा दाब थोडा कमी केलास की थेंब मोठे होतात, नोझल १.३ ऐवजी १.४ घेतलंस तरी होतात. एचव्हीएलपी गनमध्ये एअर कॅपपाशी दाब ०.७ बारच्या पुढे जायचा नसतो, त्यामुळे तुझ्या हातात खेळायला फार मोठी जागा नाही. दाब एकदम अर्धा करू नकोस. ०.२ बारने खाली आण आणि तुकडा बघ. लवकर सुकणारा हार्डनर किंवा थिनर घेतलास तर क्लिअरला पसरायला वेळ कमी मिळतो आणि लहर टिकून राहते. सावकाश सुकणारा घेतलास तर ती विरते. पहिला कोट मध्यम, थोडी लहर ठेवणारा मारलास तर दुसरा कोट बराचसा त्याच्याच वळणाने जातो. पहिला कोट पूर्ण ओला करून टाकलास की दुसऱ्यात लहर आणणं जड जातं. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदललंस तर कोणत्या बदलाने काय झालं ते तुला कधीच कळणार नाही. तुकड्याच्या पाठीवर दाब, नोझल, हार्डनर, बूथचं तापमान, मधला वेळ, सगळं मार्करने लिहून ठेव.

आणि तुकड्याचा निकाल त्याच दिवशी लावू नकोस. ओला क्लिअर नेहमी चांगला दिसतो. भट्टीतून काढल्यावरही आत राहिलेलं सॉल्व्हंट हळूहळू निघतं, थर आक्रसतो आणि खालच्या घासणीच्या रेघा, सरफेसरचा पोत वर उमटू लागतो. दुसऱ्या दिवशी उन्हात बघ. ताजं दार आणि दुसऱ्या दिवशीचं दार यांत आखूड लाटांचा फरक दिसतोच.

इथे एका गोष्टीबद्दल मला कडक बोलायचं आहे. लहर आणायची म्हणून क्लिअर कमी मारायचा, लांबून धूळ उडवल्यासारखा मारायचा, ही युक्ती तुला कुणीतरी सांगेल. ऐकू नकोस. लांबून मारलेल्या कोरड्या क्लिअरची साल हाताला खरखरीत लागते आणि तिची चमक मेलेली असते. कारखान्याची पील हाताला कधीच लागत नाही. शिवाय क्लिअर हा नुसता चमकेसाठी नसतो. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं त्यातच असतात. थर पातळ राहिला तर चार उन्हाळ्यांत बेस फिका पडेल आणि क्लिअर सोलून निघेल. डब्याबरोबर आलेल्या डेटा शीटवर जेवढी जाडी लिहिली आहे तेवढी सुकल्यावर भरलीच पाहिजे. पोत थेंबातून काढायचा, मालाची काटकसर करून नाही. तसंच डेटा शीटच्या बाहेर जाऊन थिनर ओतायचा नाही.

लहर जास्त आली तर थोडी कमी करता येते. कमी आली तर वाढवता येत नाही, पुन्हा क्लिअर मारावा लागतो. म्हणून तुझा नेम नेहमी किंचित जास्तीकडे असू दे. कमी करायची तर कडक ठोकळ्यावर पाणी पेपर लावून घासू नकोस. कडक ठोकळा सगळ्या लाटांचे माथे छाटतो आणि दार पुन्हा तुझ्या त्या निळ्या दारासारखं होतं. सँडरखाली मऊ फोमचं पॅड लाव आणि ३०००चा पेपर घे. मऊ पॅड लाटेच्या चढउताराबरोबर जातं, वरचा बारीक खरखरीतपणा काढतं आणि लांब लाट जागेवर ठेवतं. मग कंपाउंड. मध्ये मध्ये थांबून तीन पावलं मागे ये. आम्ही कारखान्यातही धुळीचा एखादा दाणा काढतो तो नखाएवढ्या जागेत घासून आणि तेवढ्याच जागेत पॉलिश करून, पॅनेलभर हात फिरवत नाही.

भावोजींना हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा ते म्हणतील, आमच्या काळात सपाट म्हणजेच चांगलं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्या रंगासाठी. ते शिकले नायट्रोसेल्युलोज लॅकरवर. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने १९२३-२४च्या सुमारास गाड्यांसाठी आणलेलं 'ड्युको' हे त्याच घराण्यातलं, आणि आपल्याकडचे फर्निचरवाले अजून त्याच नावाने स्प्रेचा रंग मागतात. ते लॅकर फक्त थिनर उडून सुकतं, मारल्यावर मंद दिसतं, आणि घासून, कंपाउंड मारून, पुन्हा घासूनच त्याला चमक येते. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, ट्रॅक्स अशा गाड्यांवर भावोजींनी हाताने आणलेली चमक मी लहानपणी बघितली आहे, आणि तसा हात आज मला दिसत नाही. आजही एखाद्या हौशी माणसाची पद्मिनी गॅरेजात आली तर ती त्यांच्याच पद्धतीने व्हायला हवी. तिच्यावर आजच्या क्लिअरची लहर उठली तर ती तितकीच परकी दिसेल. म्हणजे बाप-लेकांत भांडण नाही. दोघांनीही समोरच्या गाडीचंच ऐकायचं आहे.

हंगामाचं तुला मी काय सांगू? मे महिन्यात दुपारी पत्रा तापलेला असतो, थेंब टेकताच सुकू लागतो, आणि सकाळी जुळलेली तीच सेटिंग दुपारी जास्त पील देते. डिसेंबरात पहाटे उलट. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत पाणीच असतं, ते कॉम्प्रेसरच्या टाकीत साठतं आणि लाइनमधून गनपर्यंत येतं. टाकीचा नळ रोज सोड. तापमान भिंतीवर बघण्यापेक्षा पॅनेलवर बघ, थर्मामीटरची बंदूक स्वस्त झाली आहे.

आता गिऱ्हाइकाबद्दल. पोत इतका बेमालूम जुळवता आला की एखादा जुन्या गाड्यांचा दलाल तुझ्याकडे येईल आणि म्हणेल, "कुणाला कळता कामा नये." तिथे सावध राहा. अपघाताने ज्याच्या गाडीचं रूप गेलं त्याला ते परत देणं हे तुझं काम आहे, पुढच्या खरेदीदारापासून अपघात लपवणं हे तुझं काम नाही. बिलावर पॅनेलचं नाव, काय दुरुस्त केलं, किती थर दिले ते स्पष्ट लिही. नाहीतरी ज्याच्या हातात गेज आहे त्याला आकडा सांगतोच. पण न सांगता कळण्यापेक्षा तुझ्या सहीच्या कागदावरून कळलेलं बरं.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी ह्या पत्रातलं बाकी सगळं सोडून द्यायलाही तयार आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होतो, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोडा अंशही छाती आवळतो. मग त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो. वास येण्याइतकं आयसोसायनेट हवेत भिनतं तेव्हा ते सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं, त्यामुळे "वास येत नाही, म्हणजे ठीक आहे" हा हिशोब चालत नाही. रुमाल बांधून क्लिअर मारू नकोस. कोळशाच्या डबीचा मास्क रुमालापेक्षा कितीतरी बरा, पण बूथमध्ये क्लिअर मारताना बाहेरची स्वच्छ हवा नळीने आत आणणारा मास्क असतो, तोच घाल. हातमोजे घाल, कारण ते कातडीतूनही शरीराला भिडतं. भावोजींच्या पिढीला हे कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगते आहे. असा मास्क महाग पडतो हे मला माहीत आहे. गॅरेजला झेपत नसेल तर पैसे मी देते, परत मागणार नाही, आणि ताईला त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. बूथच्या बाहेर गन धुतानाही तो चेहऱ्यावरच असू दे, आणि हार्डनर मिसळताना कुणाही पोराला शेजारी उभं राहू देऊ नकोस.

आता त्या निळ्या गाडीचं. दार पुन्हा घासून क्लिअर मारावाच लागेल, त्याला इलाज नाही. गृहस्थांना सांग की आठवडा लागेल. त्यांना समोरचं जुळं दार दाखव, त्यात आणि ह्यात ट्यूबलाइट कशी दिसते ते दाखव. बघितल्यावर ते स्वतःच म्हणतील की हो, हेच खटकत होतं. ज्या माणसाला एवढं दिसतं, तो तुझं पक्कं गिऱ्हाईक होईल.

गणपतीत मी तीन दिवस येते आहे. यंत्र कारखान्याचं आहे, ते आणता येणार नाही, पण डोळे आणीन. तोवर सहा-सात तुकडे मारून ठेव, वेगवेगळ्या दाबाचे, वेगवेगळ्या हार्डनरचे, आकडे पाठीवर लिहिलेले. भिंतीला उभे टांग, पाठ भिंतीकडे. मला काही सांगू नकोस. त्यातला कोणता त्या निळ्या दाराचा होऊ शकतो ते आधी मी सांगेन, मग तू सांग, मग भावोजी सांगतील. तिघांचे तीन निघाले तर संध्याकाळी तीनही तुकडे गाडीला लावून रस्त्यावर नेऊन बघू.

तुझी,
मावशी